चालू खातं

चैत्रात अमळनेर तापतं
तेव्हा माझा धंदा फुलतो.
पत्रा कापतो, वाळा भरतो, पंप बसवतो.
पाटी आहे: गारवा कूलर्स, प्रोप्रा. सुकलाल झिपरू भोई.
आजवरचा सगळा हिशेब बिस्किटाच्या डब्यात झाला.
पण पारोळ्याच्या शाळेने चौदा कूलर सांगितले
आणि म्हणाले, चेक दुकानाच्या नावाने निघेल,
सुकलालच्या नाही.

म्हणजे दुकानाला खातं हवं.
चालू खातं.
वैजंता म्हणाली, चालू? आपण कधी चालू होतो?

दुपारी एक ते तीन गिऱ्हाईक नसतं,
कुत्रीसुद्धा गटारीत झोपतात.
तेव्हा निघालो.

पहिली बँक काचेची.
दार ढकललं आणि अंगावरचा घाम
एकदम परका झाला.
टायवाल्या पोराने कागदी ग्लासात पाणी दिलं,
सर म्हणाला.
मी मागे वळून पाहिलं, कोण आलंय.
पंचवीस हजार कायम ठेवायचे सर,
कमी पडले तर थोडंसं कापलं जातं.
मी वर बघत होतो.
दीड टनाचा एसी. आवाज नाही, ओल नाही,
वाळ्याचा वास तर नाहीच.
सवतीच्या घरी पुरणपोळी खावी
तसा बसलो जरा वेळ.

दुसरी पतपेढी, भाजीबाजारामागे.
तिथे चहा आधी आला, फॉर्म नंतर.
संचालक माझ्या मावसभावाचा साडू.
ठेव रे, मिनिमम-बिनिमम आपल्यात कुठे!
खरंच होतं त्याचं.
पण घरी आईच्या ट्रंकेत एक पावती आहे,
वेगळ्याच एका पेढीची, अकरा हजारांची.
गुलाबी होती, आता पांढरी पडली.
त्या पेढीच्या गाळ्यात हल्ली
मोबाईलच्या काचा बदलून मिळतात.
दर उन्हाळ्यात आई कुरडयांशेजारी
ती पावती उन्हात ठेवते,
कसर लागू नये म्हणून.
चहा संपवला.
ओळखीच्या माणसाला नाही म्हणायला
फार वेळ लागतो.

तिसरी सरकारी, स्टेशन रोडची.
पासबुकाचं मशीन बंद,
दोरीला बांधलेल्या पेनात रिफिल नाही,
कोपऱ्यात कूलर. माझा नव्हे, धुळ्याचा,
वाळा कोरडा ठाक, नुसती धूळ फेकत होता.
माझे हात शिवशिवले.
रांगेत पुढचा म्हातारा म्हणाला,
पैसा आपला शे भाऊ, पन कुलूप त्यासनं.

तीन खेपा झाल्या.
एकदा शॉप ॲक्ट, एकदा फोटो,
एकदा नुसतंच, उद्या या.
चौथ्यांदा बागूल मॅडमनी चष्मा वर केला.
पावसाळ्यात काय करता?
काही नाही. दुरुस्ती. पंप बांधून माळ्यावर.
मग आठ महिने खात्यात काय राहणार?
मी म्हटलं, गारवा.
त्या हसल्या नाहीत.
एक दुसराच फॉर्म काढला, कमी शिलकीचा.
हे घ्या. सोयी कमी, कापाकापीही कमी.
आणि जूनमध्ये पैसे कापले गेलेच
तर माझ्यासमोर येऊन ओरडू नका.

जून!
काचेत नाही, चहात नाही,
कुणी हा शब्दच काढला नव्हता.
मी सही केली. जुळली नाही. पुन्हा केली.
निघताना टाकीतलं पाणी बघितलं,
पाईप अडकला होता, मोकळा केला.
कोणी काही म्हणालं नाही.

चेकबुक आलं गेल्या मंगळवारी.
पल्लवीने नाव वाचलं, गर्व कूलर्स.
मी म्हटलं, चुकलंय.
ती म्हणाली, नाही पप्पा, इंग्रजीत दोन्ही
सारखंच लिहितात.
मॅडमना विचारायला हवं,
आणखी एक ए वाढवता येतो का.
त्याचाही एक अर्ज असतो म्हणे.
आणलाय. डब्यात ठेवलाय.
उद्या भरू.